माशांचा गोठा

सोसायटीचं सेक्रेटरीपद म्हणजे फुकटची पाटीलकी. मान कुणी देत नाही, पण टाकी वाहायला लागली की सगळे माझ्याच दाराची कडी वाजवतात. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, चला, आता कुणाला गप्प बसवायला लागणार नाही. पण कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत माझ्याएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. त्या जूनमध्ये पार्किंगमध्ये ठोकाठोक सुरू झाली, पहिल्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, आणि मी पदर खोचून खाली उतरले.

खाली तिसऱ्या मजल्यावरच्या विजयसिंहचे वडील बसले होते. पिराजी त्यांचं नाव. उंच, वाळलेले, धोतर-बंडी, डोक्याला टॉवेल, आणि हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली. समोर काळपट पडलेली लाकडं आडवी टाकलेली, आणि ते त्यातल्या एकाला पटाशीनं भोक पाडत होते.

"काय चाललंय हे?" मी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच.

"गोठा," ते मान वर न करता म्हणाले.

"पार्किंगमध्ये गोठा?"

"माशांचा ओ, बाई."

मला हसू आलं आणि रागही आला. पण त्याहून जास्त नवल वाटलं. कारण हा माणूस आमच्या इमारतीत येऊन-जाऊन राहायला लागल्याला बरीच वर्षं झाली होती आणि मी त्यांना कधी कशाला हात लावताना पाहिलं नव्हतं. जिन्यात दिसले तर भिंतीला चिकटून उभे राहायचे, आपण पुढं गेलो की मग पाऊल टाकायचे. शेतकरी माणूस रिकामा बसला की त्याच्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नाही. पिराजी ते हात पाठीमागं बांधून हिंडायचे.

त्यांची हकिकत इमारतीत सगळ्यांना माहीत होती. शिरोळच्या खालच्या अंगाला, नदीकडेला त्यांचा मळा आणि मळ्यातच घर. बायको आधीच गेलेली. दावणीला दोन म्हशी होत्या, एक रेडकू होतं, आणि पिराजींचं सगळं जगणं त्या दावणीभोवती होतं. एकोणीस सालच्या महापुरात ती जनावरं गेली. नाववाले आले तेव्हा माणसांपुरतीच जागा होती. पिराजींनी निघायच्या आधी दावी कापली, म्हशी मोकळ्या सोडल्या, पण पाण्याच्या ओढीपुढं त्यांचं काही चाललं नाही, असं विजयसिंहनं मला सांगितलं होतं. पूर ओसरल्यावर त्यानं बापाला इथं आणलं. पिराजींनी पुन्हा जनावर घेतलं नाही. एवढंच काय, दूधवाल्याची म्हैस रस्त्यानं चालली तरी ते तोंड फिरवायचे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दर वर्षी पावसानं जोर धरला, नदीच्या बातम्या सुरू झाल्या, की पिराजी पिशवी भरायचे. एसटीनं जयसिंगपूर, तिथून शिरोळ, आणि मळ्यातल्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे. जग पुरातून बाहेर पडतं, आणि हा माणूस पुराकडं चालत जायचा. गेल्या पावसाळ्यात तर अंगणात पाणी आलं तरी उठले नाहीत. गावच्या पोरांनी खांद्यावर घालून बाहेर काढलं. विजयसिंह शिरोलीच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, चारचौघांना दरडावणारा गडी, पण हे सांगताना जिन्यात माझ्यापुढं त्याचा आवाज फुटला होता. "बाई, एखाद्या साली त्यो माणूस ततनं उठायचाच न्हाय," तो म्हणाला होता.

म्हणून त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, ही युक्ती काढली होती. बाई शहाणी आहे. "आप्पा माणसांसाठी थांबत न्हाईत," ती मला म्हणाली, "पण जनावर घरात असलं की त्याला उपाशी टाकून ते कुठं जाणार न्हाईत. आता म्हैस तर तिसऱ्या मजल्यावर चढत न्हाई." तेव्हा मासे आणायचं ठरलं. त्यांची मुलगी संयोगिता पहिलीतून दुसरीत गेलेली, तिच्या नावावर हे सगळं खपवलं. काचेची चांगली ऐसपैस टाकी आली. पाणी, खडे धरून भरली की दोन-अडीच माणसांचं ओझं व्हायचं. तयार मिळतात ते लोखंडी स्टँड पिराजींनी हलवून बघितले आणि नाक मुरडलं. "ही काय उदबत्तीची काडी हाय व्हय? जनावर आणायच्या आधी गोठा लागतोय. मी करतो," म्हणाले. विजयसिंहला आकाश ठेंगणं झालं. बापानं इतक्या वर्षांनी आपणहून काही करतो म्हटलं होतं.

एकच गोष्ट त्यानं बजावून सांगितली. ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे, कारण तो ड्यूटीवर निघताना गाडीवर बसून ओरडला होता आणि मी दारातच निवडणं घेऊन बसले होते. "आप्पा, बाकी कसं बी करा, पण लेव्हल बघून करा! लेव्हल चुकली की सगळं गेलं!" पिराजी गेटपाशी उभे होते. त्यांनी मान हलवली आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तसेच उभे राहिले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिरोळहून टेम्पोनं लाकडं आली. जुन्या गोठ्याचे खांब, मेढी होत्या त्या, बाभळीच्या. पुराचं पाणी पिऊन काळ्या पडलेल्या, पण आतनं दगड. वाकसानं वरचा थर उतरवला की खाली लालसर रंग निघायचा. मी तक्रार करायला म्हणून गेले ती रोज चहा घेऊन जायला लागले. पहिल्या मजल्यावरच्यांना म्हटलं, कानात बोळे घाला. माणूस कामाला लागतो तेव्हा त्याचा आवाज सहन करायचा असतो.

काम करताना पिराजी बोलायचे. तसं मोजकंच, पण बोलायचे. खिळा त्यांना नको होता. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्याच्या भोकात बसवायची आणि वरनं पाचर ठोकायची. "खिळा गंजतोय बाई. पाचर पाण्यात फुगती, जास्तच घट्ट बसती," म्हणाले. पाय खाली फाकवलेले ठेवले, म्हणजे कुणी धडकलं तरी उलटणार नाही. चारी बाजूंनी तिरके आधार. मी म्हटलं, "अहो, मासे ठेवायचेत का हत्ती?" तर ते खरोखर विचारात पडले आणि म्हणाले, "जनावर ते जनावर. आपल्या भरवशावर असतंय."

पायांच्या मेढी मला लांब वाटल्या होत्या. मला वाटलं, नंतर कापतील. ज्याचं काम त्यानं करावं, दुसऱ्यानं करू नये शहाणपणा. संध्याकाळी सगळे भाग ते ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे, त्यामुळं विजयसिंहनं काही पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी पिराजींनी सगळं जोडलं. दुपारी मासे आणायचे ठरले होते. मला त्यांनी मुद्दाम खाली बोलावलं. विजयसिंह आला, हातात कारखान्यातून आणलेली लेव्हल घेऊन, म्हणजे ती पिवळी पट्टी, जिच्यात काचेच्या नळीत बुडबुडा असतो. मागनं स्नेहल आणि संयोगिता आल्या. पिराजींनी ताडपत्री ओढली.

काम देखणं होतं, त्यात वादच नाही. त्यावर मी बसले असते तरी करकरलं नसतं. पण बसायला मला शिडी लागली असती. स्टँडची वरची फळी विजयसिंहच्या गळ्याला लागत होती. त्यावर टाकी ठेवली असती तर मासे पंख्याच्या पात्यांशी गप्पा मारायला मोकळे होते.

संयोगिता दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभी राहिली, हात वर केले. तिची बोटंसुद्धा फळीपर्यंत पोचली नाहीत. "आज्जा, मला कसं दिसायचं?" तिनं विचारलं.

विजयसिंह आधी हसला. मग त्याला कळलं की ही चेष्टा नाही. "आप्पा, हे काय केलासा? माळा बांधलायसा व्हय? कुणी सांगितलं एवढं उंच करायला?"

"तूच की," पिराजी म्हणाले. "लेव्हल बघून करा म्हणालास न्हवं."

"मग?"

"मग काय? बघूनच केलंय." पिराजींनी आपला हात आडवा धरून गळ्याला लावला. "एकोणीसची लेव्हल. गोठ्यात हितवर हुती. वर चार बोटं जास्त धरल्यात."

नदीकाठच्या माणसाला लेव्हल म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. जुलै-ऑगस्टात तिकडं माणसं भेटली की राम राम करायच्या आधी विचारतात, आज लेव्हल किती? पाच सालची लेव्हल, एकोणीसची लेव्हल, एकवीसची लेव्हल, अशी वर्षांची ओळखच त्या भागात पाण्यानं पटते. आम्ही शाळेत इतिहास शिकवायचो तसा त्यांचा हा इतिहास. पोरानं सांगितलं लेव्हल बघा, बापानं आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लेव्हल धरली.

विजयसिंहनं हातातली पिवळी पट्टी पुढं केली. "आवो, ही लेव्हल आप्पा! ही! फळी सपाट बसली का न्हाय बघायची. तिरकी बसली की टाकीची काच तडकती!"

पिराजींनी ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. नळीतला बुडबुडा इकडून तिकडं पळत होता. "एवढुशा पाण्याची?" ते म्हणाले.

मला वाटतं विजयसिंहला तेव्हाच थांबता आलं असतं. पण घरात टाकी येऊन पडलेली, दुकानदाराला सांगून ठेवलेलं, पोरगी रडवेली, आणि डोक्यावर सगळ्या वर्षांची धास्ती. त्याचा तोल गेला. "आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, आप्पा! तिथं पाणी आलं तर सगळं कोल्हापूर बुडाल्यालं असंल! आन् मासं हायती ती! मासं बुडत्यात व्हय?"

"पुरात सगळंच बुडतंय," पिराजी शांतपणे म्हणाले. "माशाला बी घरचं पाणी येगळं, पुराचं येगळं." मग त्यांनी ती पट्टी फळीवर ठेवली, टॉवेल झटकला आणि स्नेहलकडं बघितलं. "पोरी, तू लोखंडाचं आण. माजं चुकलं. मी उद्याच्या गाडीनं शिरोळला जातो."

स्नेहलचं तोंड उतरलं. तिची सगळी युक्ती त्या एका वाक्यात पाण्यात गेली होती. पाऊस अजून लागायचा होता, आणि हा माणूस आताच पिशवी भरायला निघाला होता. मीच मध्ये पडले. आयुष्यभर पोरांची भांडणं सोडवली, सवय जात नाही. म्हटलं, "पिराजी, लाकूड आहे, कापता येतं. एवढ्यावरनं घर सोडतात होय?"

विजयसिंहही भानावर आला होता. तो बापाच्या समोर गेला. "आप्पा, त्ये साल गेलं की आता. जनावरं गेली. तुमी करायचं ते केलासा. दावी कापलीसा, मोकळी सोडलीसा. आणि काय करणार हुता माणूस? किती वरसं त्याच लेव्हलला बसून राहणार?"

पिराजींनी मान हलवली. ती हो म्हणून नव्हती.

"न्हाय कापली," ते म्हणाले.

"काय?"

"दावी. न्हाय कापली मी."

आणि मग त्यांनी सांगितलं. हात पाठीमागं बांधून, खाली बघत, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखं. पाच सालच्या पुरानंतर त्यांनी गोठ्यात दगडमातीचा कट्टा बांधला होता, त्या पुराच्या वर येईल एवढा. एकोणीसला नाव आली तेव्हा पाणी पायरीला होतं. म्हशी मोकळ्या सोडल्या तर ओढीत सापडतील, कट्ट्यावर बांधल्या तर कोरड्यात उभ्या राहतील, पुढ्यात वैरण टाकली की दोन दिवसांचा प्रश्न आहे, असा त्यांनी हिशेब केला. दावी आखूड केली, म्हणजे जनावर बिचकून खाली उतरायला नको. वैरण टाकली. मोठ्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि नावेत बसले.

"परत गेलो तर तिन्ही दावणीलाच हुती," पिराजी म्हणाले. "आखूड दाव्यावर. मानंला वर करायला बी जागा न्हवती राह्यली."

स्नेहलनं संयोगिताला जवळ ओढलं. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. इतकी वर्षं जिन्यात भिंतीला चिकटून जाणारा हा माणूस मी भिडस्त समजत होते.

"मग मला दावी कापली म्हणून का सांगितलासा?" विजयसिंहनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

पिराजी फळीवरचा भुसा हातानं सारखा करत राहिले. उत्तर द्यायचंच नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. आणि ते बघता बघता विजयसिंहचा चेहरा बदलला. इतका की मला वाटलं, हा आता पडतो.

"लेव्हल मी सांगितलीती," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"फोनवर. नाव यायच्या आधी तुमी फोन केलातासा. किती चढंल म्हणून इचारलासा. ग्रुपवर कुणीतरी टाकलं हुतं, तेच मी सांगितलं. पाच सालच्या वर जात न्हाय, आप्पा, बिनघोर निघा. मी बोललो असं. मीच बोललो."

"जाऊ दे म्हटलं न्हवं, विजा."

"म्हंजे तुमाला ध्यानात हुतं?"

"आता बापाच्या ध्यानात ऱ्हाणार न्हाय तर काय," पिराजी म्हणाले. "तुला कळलं असतं तर तू जेवला असतास व्हय रं? लहान असताना रेडकू मेलं तर तू दोन दिस अन्न शिवला न्हवतास. म्हटलं, एकट्याचं एकट्याकडंच ऱ्हाऊ दे. कापली म्हणून सांगितलं, झालं."

सहा फुटी गडी, शंभर माणसांवर ओरडणारा, स्कूटरच्या सीटवर डोकं टेकून रडला. पिराजी त्याच्या जवळ गेले, पण त्याला हात कसा लावायचा हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

"तिकडं जाऊन कशाला बसायचासा मग?" विजयसिंहनं तोंड न उचलता विचारलं. "त्या मोडक्या गोठ्यात काय हाय?"

"ततं बसलं की कुणाशी खोटं बोलायला लागत न्हाय," पिराजी म्हणाले.

मी शिक्षिका. पोरांना जन्मभर शिकवलं, खरं बोलावं. खोटं बोलून माणूस दुसऱ्याचं ओझं असं उचलू शकतो, आणि ते उचलल्यामुळं स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरू शकतो, हे मला कुठल्या पुस्तकात दिसलं नव्हतं. मला त्या क्षणी पिराजींचा रागच आला. एवढी वर्षं एका घरात राहून, ताटाला ताट लावून जेवून, बाप लेकाचा दगड आपल्या छातीवर घेऊन बसला होता, आणि तो लेकाला दाखवायचा नाही म्हणून पुराच्या पाण्यात जाऊन बसायचं? पण बोलणारी मी कोण.

संयोगिता आईचा हात सोडून पुढं आली होती. मोठ्यांचं काय चाललंय ते तिला अर्धं कळलं असेल, अर्धं नसेल. ती स्टँडच्या एका पायाला पाठ लावून ताठ उभी राहिली, शाळेत उंची मोजतात तशी. "आज्जा, हितं कर," ती म्हणाली आणि आपल्या डोळ्यांपाशी बोट धरलं. "हितं पाणी आलं की मला दिसतंय."

पिराजींनी तिच्या बोटाकडं पाहिलं. 'पाणी आलं' या दोन शब्दांवर त्यांची मान आपसूक वळली, तेवढं मला दिसलं. मग ते गुडघ्यावर बसले. कानामागची पेन्सिल काढून तिच्या डोळ्यांशी लाकडावर रेघ मारली, आणि टाकीची उंची वजा करून तिच्या खाली आणखी एक. हातोडीनं खालच्या पाचरी बाहेर काढल्या, आडव्या पट्ट्या सोडवल्या. करवत उचलून पायाला लावली. दोन वेळा ओढली आणि थांबले. बाभूळ कठीण असते हे खरं, पण कारण ते नव्हतं. त्यांच्या गोठ्याची मेढ होती ती. या मेढीलाच दावी होती.

विजयसिंह उठला. डोळे पुसले, टॉवेल बापाच्या खांद्यावर परत ठेवला आणि करवतीसाठी हात पुढं केला.

"आणा आप्पा. मी कापतो."

पिराजींनी त्याच्याकडं पाहिलं, पण करवत सोडली नाही. मूठ सरकवून त्याच्या हातापुरती जागा केली. एका मुठीवर दोघांचे हात बसले, आणि दोघांनी मिळून ती मेढ कापली.